अवसेचा ताप आणि टॉन्सिलची कात्री

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाचं शिबिर झालं. ज्या पोरांना वरचेवर ताप येतो त्यांना रांगेत उभं केलं, घशात बॅटरी मारली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पंधरा-वीस चिठ्ठ्यांवर टॉन्सिल काढण्याचा सल्ला लिहून झाला. त्या दिवशी पेटलेला वाद अजून विझलेला नाही. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, पंचायतीच्या ओट्यावर दोन बाजू पडल्या आहेत. एक म्हणते, ज्या गाठीमुळे पोरगं दर महिन्याला आजारी पडतं ती ठेवायचीच कशाला? दुसरी म्हणते, देवाने दिलेला पहारेकरी कापणारे हे कोण, यात नक्कीच कोणाचं तरी दुकान चालतं. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात, पण पोराला ताप किती वेळा आला, कोणत्या तारखांना आला आणि मधल्या दिवसांत ते कसं होतं, एवढं साधं विचारताना मी कोणालाच पाहिलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान मुलांमधल्या एका विशिष्ट, ठरावीक अंतराने येणाऱ्या तापावर टॉन्सिल काढणं हा खरा उपचार आहे, आणि विदर्भाच्या खेड्यातल्या मुलालाही त्यावर शहरातल्या मुलाइतकाच हक्क आहे. पण तो ताप तोच आहे हे घशात बॅटरी मारून कळत नाही. त्याला तारखांची वही लागते. ती नसताना केलेली शस्त्रक्रिया आंधळी, आणि ती नसताना केलेला विरोधही तितकाच आंधळा. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. या विषयात पडलो तो हजेरीपटामुळे.

पहिलीतली एक मुलगी. तिच्या नावासमोरची ओळ पाहताना मला लाल शाईतले ‘गै’ गुच्छ्यागुच्छ्याने दिसायला लागले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार, महिनाअखेरीला चार, ऑगस्टच्या शेवटी चार, सप्टेंबरच्या शेवटी तीन. मधल्या दिवसांत एकही नाही, आणि त्या दिवसांत ही पोरगी चिंचेच्या झाडावरून उतरायचं नाव घेत नसे. आईला बोलावलं. ती म्हणाली, “गुरुजी, तुमाले खोटं वाटन, पन दर अवसेच्या मांगंपुढं तिचं आंग तापते. तोंड येते, गया दुखते. पाच दिवस. मंग जसं काई झालंच नाई.” हे तिने आधी दोन दवाखान्यांत सांगितलं होतं. एका ठिकाणी हसले, दुसऱ्या ठिकाणी अंधश्रद्धेवर व्याख्यान मिळालं. हसणाऱ्यांत मीही असतो, हजेरीपट समोर नसता तर. बाईचं कारण चुकलं होतं, मोजणी चुकली नव्हती. अवस साडेएकोणतीस दिवसांनी येते, हिचा ताप अठ्ठावीस दिवसांनी. दिवाळीपर्यंत दोघांत पाच-सहा दिवसांचं अंतर पडलं आणि चंद्र सुटला, पण तापाची पाळी तशीच राहिली.

ज्या लोकांनी तापाला एकांतरा आणि तिजारा अशी नावं दिली, वैद्यांनी ज्याला तृतीयक आणि चातुर्थिक म्हटलं, त्यांनी ताप आधी मोजला आणि मग त्याचं नाव ठेवलं. चौथ्या दिवशीच हुडहुडी का भरते हे त्यांना माहीत नव्हतं. 1880 च्या दशकात इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी दाखवलं, की हिवतापाचे जंतू रक्तपेशी फोडून ज्या वेळापत्रकाने बाहेर पडतात त्याच वेळापत्रकाने ताप चढतो. हजारो वर्षांची मोजणी खरी ठरली, तिला लावलेली भुतंखेतं गळून पडली. हातात रक्ततपासणी आणि अँटिबायोटिक आल्यावर आपण ती मोजण्याची सवयच टाकून दिली, हा कोणत्या प्रगतीचा भाग म्हणायचा?

त्या मुलीच्या तापाला डॉक्टर लोक ‘पीएफएपीए’ म्हणतात. पाळीचा ताप, तोंडातले फोड, घशाची सूज आणि मानेच्या गाठी यांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरं. 1987 साली अमेरिकेत गॅरी मार्शल आणि सहकाऱ्यांनी बारा मुलांवरून त्याचं वर्णन पहिल्यांदा केलं. बहुधा पाच वर्षांच्या आत सुरुवात होते. तीन ते सहा आठवड्यांनी फणफणून ताप येतो, तीन ते सहा दिवस टिकतो. सोबत तोंडात फोड, घसा लाल, मानेला गाठी, यांपैकी काहीतरी असतं. सर्दी-खोकला सहसा नसतो. घशातल्या स्रावाच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, पण सूज-दाह दाखवणारा रक्तातला सीआरपी चांगलाच चढलेला असतो. दोन तापांच्या मध्ये मूल ठणठणीत असतं, उंची-वजन वेळेवर वाढतं. हा जंतूंचा संसर्ग नाही. शरीराची जन्मजात संरक्षणव्यवस्थाच शत्रू नसताना ठरल्या दिवशी तोफा डागते. टॉन्सिल काढल्यावर त्या का थांबतात, याचं पूर्ण उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. थांबतात मात्र पुष्कळांच्या.

आता विरोधकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडतो, कारण तो ते स्वतः मांडत नाहीत. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये हजार शाळकरी मुलं तपासली गेली. त्यांतल्या 611 जणांचे टॉन्सिल आधीच निघालेले होते. उरलेली 389 मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी 174 जणांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना नको म्हटलं ती 215 मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली, तर 99 जणांचे टॉन्सिल काढायला सांगितले. उरलेली 116 तिसऱ्यांदा दाखवली, पुन्हा 51. म्हणजे घशात पाहणारा प्रत्येक जण समोरच्या रांगेतली जवळपास निम्मी मुलं निवडत होता, मग आधीच्या डॉक्टरांनी त्यांना निरोगी का ठरवलेलं असेना. ब्रिटनमध्ये 1938 साली ॲलिसन ग्लोव्हर यांनी असंच काही दाखवलं. लंडनजवळच्या हॉर्न्सीमध्ये शाळेचा डॉक्टर बदलला आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचा आकडा धाडकन कोसळला. मुलांच्या तब्येतीचं काही बिघडलं नाही. आमच्या शिबिरातल्या पंधरा-वीस चिठ्ठ्या मला याच जातीच्या वाटतात. वाग्भटाने टॉन्सिलच्या सुजेला तुंडिकेरी म्हटलं आणि ती कापसाच्या बोंडासारखी दिसते असं लिहिलं. आमच्या भागातल्या माणसाला ही उपमा लगेच पटेल. पण बोंड मोठं दिसलं म्हणून वेचणीला आलं असं होत नाही, आणि पहिली-दुसरीच्या वयात टॉन्सिल तसेही मोठेच असतात.

म्हणून शस्त्रक्रियाच खोटी ठरते का? न्यूयॉर्कच्या गोष्टीतून एवढंच निघतं की आकारावरून निर्णय घेणं चूक. वारंवार घसा धरणाऱ्या साध्या टॉन्सिलसाठी 1984 साली पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांच्या अभ्यासात जी कसोटी वापरली ती पाहा. एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळ नोंदवलेली. टॉन्सिल किती मोठे याचा उल्लेख नाही. कसोटीचा गाभा मोजणीचा आहे.

पाळीच्या तापापुरता पुरावा किती आहे? फार नाही, हे मान्य. कोणाची शस्त्रक्रिया करायची आणि कोणाची नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेले दोन अभ्यास. फिनलंडमध्ये 2007 साली 26 मुलं घेतली. टॉन्सिल काढलेल्या 14 पैकी चौदाही जण सहा महिन्यांनी तापमुक्त होते. न काढलेल्या 12 पैकी सहा जणही तोवर बरे झाले होते. इटलीत 2009 साली 39 मुलं घेतली, दीड वर्ष पाहिली. शस्त्रक्रिया झालेल्या 19 पैकी 12 जणांचा ताप पूर्ण थांबला, न झालेल्या 20 पैकी एकाचाच. दोन्ही मिळून 65 मुलं, आमच्या शाळेच्या पटाइतकीसुद्धा नाहीत. पण फरक एवढा ठळक असेल तर लहान अभ्यासही काहीतरी सांगतोच. फिनलंडच्या अभ्यासात तोंडातल्या फोडांसारख्या खुणांची अट नव्हती, पाच वेळा ताप आला की मूल घेतलं जाई, आणि तिथेच शस्त्रक्रियेविना बरं होणाऱ्यांचं प्रमाण निम्मं निघालं. इटलीत निवड काटेकोर, तिथे आपोआप बरा झालेला एकच. आधी नीट ओळखा, मग कात्रीचा खरा उपयोग दिसतो, असा माझा त्यावरून निष्कर्ष.

यावर सुजाण विरोधक म्हणतील, हा आजार आपोआप जातो, मग थांबा ना. बरोबर आहे. बहुतेक मुलं वयात येण्याआधी यातून सुटतात, मागे काही खोट राहत नाही. शहरात, घरी बसून लक्ष द्यायला माणूस असेल, बालरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असेल, तर थांबणं हा उत्तम निर्णय आहे, आणि गावातही तो कोणी जाणूनबुजून घेतला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण थांबणं म्हणजे काय ते मोजू या. अठ्ठावीस दिवसांनी एकदा, चार-पाच दिवस, म्हणजे वर्षाला पन्नास-साठ दिवस. आजार पाच-सहा वर्षं चालला तर तीनशेच्या आसपास. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला दोनशे दिवस शाळा भरावी लागते. आई ऐन वेचणीत घरी बसते, किलोवर मिळणारी मजुरी बुडते. आणि गावात कोणी नुसतं थांबतच नाही. ताप चढला की दुसऱ्या दिवशी सुई, तिसऱ्या दिवशी ‘बाटली लावा’, सोबत पाच दिवसांचं अँटिबायोटिक. ताप पाचव्या दिवशी उतरणारच असतो, गोळ्याही पाचव्या दिवशी संपतात, आणि यश गोळ्यांच्या नावावर जमा होतं. वर्षाला बारा-तेरा वेळा, कामाचं नसलेलं औषध. टॉन्सिल वाचवा म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही बेरीज कुठे येते? पोराच्या अंगावर टाका पडला नाही म्हणजे त्याला इजा झाली नाही, असं कोणी ठरवलं?

पहारेकऱ्याचा मुद्दा राहिला. टॉन्सिलला संरक्षणाचं काम आहेच. 2018 साली डेन्मार्कमधल्या सुमारे बारा लाख मुलांच्या नोंदींवरून निघालं, की लहानपणी टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनमार्गाचे आजार जास्त झाले. हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण ज्यांचा घसा-नाक मुळातच दुखणाईत होता त्यांचेच टॉन्सिल निघाले असणार. पुढचं दुखणं शस्त्रक्रियेचं की मुळातल्या कमजोरीचं, हे नुसत्या नोंदींवरून वेगळं करता येत नाही. शिवाय घशाभोवती असल्याच पेशींचं एक कडं असतं, जिभेच्या मुळाशीही त्या असतात. एक चौकी उठली म्हणून वेस उघडी पडत नाही. आणि जो पहारेकरी दर अठ्ठावीस दिवसांनी घरातल्यांनाच झोडपतो, त्याची नोकरी किती दिवस राखायची? (आमची आजी पडजीभ पडली म्हणून अंगठ्याला तुरटी लावून ती वर दाबायची. रोमन लेखक सेल्सस टॉन्सिल बोटाने सोडवून काढायला सांगतो. घशात हात घालण्याची हौस फार जुनी आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं सबुरीने घ्यावं.)

मला खरोखर गप्प करणारा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो एका एसटी चालकाने मांडला. म्हणाला, “गुरुजी, रात्री दोन वाजता रगत आलं त कोनाले बोलवाचं?” टॉन्सिल काढल्यावर शंभरातल्या दोन-चार मुलांना रक्तस्राव होतो. पहिल्या चोवीस तासांत झाला तर मूल दवाखान्यातच असतं. पण दुसरा धोका साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, जखमेवरची पांढरी खपली सुटताना असतो. तोवर मूल गावी आलेलं असतं, आणि गावापासून शस्त्रक्रियागृह साठ किलोमीटर, मध्ये नाला, पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी. लहान मूल रक्त गिळून टाकतं, त्यामुळे किती गेलं ते कळतही नाही. या प्रश्नाला युरोपातल्या अभ्यासात उत्तर नाही, कारण तिथे हा प्रश्नच नव्हता. पण उत्तर अशक्य नाही. शस्त्रक्रिया वेळ पाहून होते, अपघातासारखी अंगावर येत नाही. ती पावसाळ्यात करू नये, आणि दहा दिवस दवाखान्याच्या गावीच नातेवाइकाकडे मुक्काम ठेवावा. बाळंतपणासाठी आपण लेकीला आधीच माहेरी आणतो, तसंच हे. आणि ज्या कुटुंबाला दहा दिवस राहायला जागा नाही, त्याच्यासाठी ‘नका करू’ हाच योग्य सल्ला आहे. असा सल्ला देताना डॉक्टरने नातेवाइकांचा पत्ता विचारायला हवा, घसा नंतर पाहिला तरी चालेल.

विदर्भाचे म्हणून आणखी दोन पेच आहेत. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात फिरून फिरून येणारा ताप म्हटलं की आधी हिवताप. त्यातला व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून बसतो आणि आठवड्या-महिन्यांनी पुन्हा उठतो. दुसरा सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. नागपूर भागातली त्याची नोंद 1958 साली प्रसिद्ध झाली, आणि आज विदर्भात हा शब्द ऐकला नाही असं गाव सापडणं कठीण. सिकलसेलच्या मुलाला ताप येणं हीच तातडीची बाब, कारण त्याची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा संसर्ग भारी पडतो. अशा मुलाला माहीत नसताना भूल देणं, उपाशी-तहानेलं ठेवणं, थंडगार खोलीत झोपवणं म्हणजे दुखण्याला आवतण. शिबिरातल्या चिठ्ठीवाल्यांत दुसरीतला एक मुलगाही होता. त्याची हजेरीपटातली ओळ मी पाहिली. गैरहजेरी भरपूर, पण पाळी काही नाही. कधी नऊ दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि ‘हात-पाय ठणकते’ ही तक्रार दरवेळी. बापाला म्हटलं, आधी सिकलसेलची प्राथमिक, सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली, पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणाऱ्या तपासणीत, सिकलसेल आजार पक्का झाला. त्याच्या टॉन्सिलचा त्याच्या तापाशी काही संबंध नव्हता. आणि उलट बाजूनेही फसगत होते. दर एकवीस दिवसांनी पांढऱ्या पेशी घसरण्याचा एक विरळ आजार आहे, त्यातही ताप येतो, तोंड येतं, पाळीही असते. तिथे टॉन्सिल काढून उपयोग नाही. तो ओळखायला काही आठवडे पुन्हा पुन्हा रक्त तपासावं लागतं. म्हणजे वही असली तरी तपासणी टळत नाही.

मधला मार्ग म्हणून स्टेरॉइडचं नाव निघतं. ताप सुरू होताच प्रेडनिसोलोनचा एक डोस दिला तर पीएफएपीएचा ताप काही तासांत उतरतो, इतका की काही डॉक्टर त्यावरूनच निदान पक्कं करतात. पुष्कळ कुटुंबांना एवढं पुरतंही. पण काही मुलांत पुढची पाळी लवकर येऊ लागते, चारऐवजी दोन-तीन आठवड्यांनी. आणि मला भीती वेगळीच वाटते. ‘ताप आला की ही गोळी’ हे एकदा गावाला कळलं, की ती मेडिकलच्या काउंटरवरून शेजारच्या घरी जाणार, आणि त्या घरातल्या पोराचा ताप क्षयाचा असू शकतो. उलट ‘घसा दुखला तर अँटिबायोटिक कशाला’ असंही सरसकट म्हणता येत नाही. स्ट्रेप्टोकॉकसने धरलेला घसा औषधाविना सोडला तर सांधेतापाच्या वाटेने हृदयाची झडप जाऊ शकते. म्हणून पुन्हा तेच, हा ताप कोणता ते आधी सांगा.

त्या मुलीच्या आईने मग भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या लिटरांशेजारी ‘ता’ लिहायला सुरुवात केली. काही महिन्यांचं कॅलेंडर गुंडाळी करून ती मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहण्याआधी ते टेबलावर पसरलं, ही गोष्ट ती अजून सांगते. रक्ताच्या तपासण्या झाल्या, थांबणं, स्टेरॉइड आणि शस्त्रक्रिया हे तिन्ही मार्ग समजावून सांगितले. वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीत, त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि मावशीकडे अकरा दिवस राहिले. जूनमध्ये एकदा ताप आला, सर्दीसकट, तीन दिवस. बाकी ओळ कोरी आहे. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. न करताही ती या वर्षी बरी झाली असती, फिनलंडच्या त्या सहा मुलांसारखी.

शेवटी लोक विचारतात, गुरुजी, हे मोजणार कोण? मोजलेलं आधीच आहे. शाळेत हजेरीपट आहे, अंगणवाडीत वजनाचा तक्ता आहे, आशाताईच्या पिशवीत रजिस्टर आहे. पाळीचा ताप ओळखायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, तारखा आणि वाढ, गावात कागदावर पडून आहेत. शिबिरानंतर दोन महिन्यांनी शाळेत तपासणीचं पथक आलं. पोरं रांगेत उभी केली, ‘आ’ करायला लावलं. मी दोन मुलांच्या ओळींवर बोट ठेवून हजेरीपट डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांना वाटलं, भेटीची सही हवी आहे. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समासात सही केली.